सुंभ, ध्रुवतारा आणि दहावे लेणे : सागरी संग्रहालयाच्या नाशिकमधील तीन दिवसांविषयी

जानेवारीच्या अखेरीस मुंबईतील एका सागरी संग्रहालयाने आपली व्याख्याने, कार्यशाळा आणि रंगमंचीय कार्यक्रम कसारा घाट चढवून नाशिकला आणले. गंगापूर रस्त्यावरील एका महाविद्यालयाच्या सभागृहात आणि त्याच इमारतीच्या गच्चीवर शुक्रवार ते रविवार असा हा उपक्रम चालला. मी तिन्ही दिवस पूर्ण वेळ उपस्थित होते, माझी अकरा वर्षांची भाची बरोबर होती, आणि आम्ही तिन्ही दिवसांचे मिळून प्रत्येकी ५०० रुपये भरले होते. पुढच्या खेपेस जावे का, असे ओळखीतल्या अनेकांनी विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. संग्रहालयाचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण पहिल्या प्रयत्नातील उणिवा एखाद्या संस्थेच्या नावाला कायमच्या चिकटून राहाव्यात, असे मला वाटत नाही.

ज्या गावात समुद्र नाही, त्या गावाला समुद्राविषयी काय आणि कसे सांगायचे, हा अशा उपक्रमापुढचा खरा प्रश्न असतो. आयोजकांनी त्याला दोन प्रकारे उत्तर दिले. काही कार्यक्रमांत समुद्र हा लांबून पाहण्याचा देखावा होता, निळ्या पडद्यावर लाटा हलत होत्या आणि आपण खुर्चीत बसून टाळ्या वाजवायच्या होत्या. काही कार्यक्रमांत मात्र समुद्राशी आपला जुना व्यवहार होता आणि अजूनही आहे, हे हातात दोरी, फळी आणि पुठ्ठा देऊन समजावून सांगितले गेले. पहिल्या प्रकाराने माझी निराशा केली. दुसऱ्या प्रकाराने जे दिले, ते नाशिकमध्ये मी आजवर पाहिलेल्या कोणत्याही प्रदर्शनाने किंवा व्याख्यानमालेने दिलेले नाही.

शुक्रवारचे व्याख्यान पश्चिम किनाऱ्यावरील प्राचीन बंदरांविषयी होते. वक्ते या विषयाचे अभ्यासक होते आणि त्यांची मांडणी नेटकी होती. तांबड्या समुद्रातून जुलैच्या सुमारास निघालेली जहाजे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर आपल्या किनाऱ्याला कशी लागत आणि थंडीत वारे उलटले की मिरी, कापड आणि मौल्यवान खडे भरून कशी परतत, हे त्यांनी नकाशावर बोट ठेवून दाखवले. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात भडोच, सोपारा आणि कल्याण ही बंदरे आणि घाटावरची पैठण आणि तेर ही शहरे येतात. कल्याणचे बंदर पूर्वी खुले होते, पण पुढे तिथे लागणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, अशी नोंदही त्यात आहे. क्षहरात क्षत्रप, म्हणजे पश्चिम भारतातले शक राज्यकर्ते, आणि सातवाहन यांच्यातील वैर केवळ जमिनीसाठी नव्हते, बंदरांच्या उत्पन्नासाठीही होते, हे या एका नोंदीवरून त्यांनी चांगले उलगडले. दोन डोलकाठ्यांचे जहाज असलेल्या सातवाहन नाण्याचे मोठे केलेले चित्र पडद्यावर आले, तेव्हा मागच्या रांगेतले लोकही उठून उभे राहिले.

एवढे असूनही व्याख्यान मनाला भिडत नव्हते. पडद्यावरचा सगळा मजकूर इंग्रजीत होता, बोलणे मराठीत होते, आणि श्रोत्यांचे डोळे एकीकडे तर कान दुसरीकडे अशी ओढाताण तासभर चालली. त्याहून मोठी उणीव प्रश्नोत्तरांच्या वेळी उघड झाली. माझ्या पुढच्या रांगेतील एक निवृत्त शिक्षक उभे राहिले आणि अत्यंत सौम्य आवाजात म्हणाले, ‘‘सर, सोपाऱ्याविषयी आपण इतके सांगितलेत, पण याच गावातल्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्याच्या भिंतीवर सोपाऱ्याचे नाव कोरलेले आहे. त्याविषयी एक वाक्यही आले नाही, याचे वाईट वाटते.’’ सभागृहात क्षणभर शांतता पसरली. वक्त्यांनी सारवासारव केली नाही. ‘‘आपले अगदी बरोबर आहे, सर,’’ ते म्हणाले. ‘‘मुंबईसाठी तयार केलेले व्याख्यान मी जसेच्या तसे इथे घेऊन आलो. मी दिलगीर आहे.’’ मग त्यांनी पडदा बंद करायला सांगितला आणि पुढची वीस मिनिटे ते चित्रांशिवाय बोलले. त्या संध्याकाळचे खरे व्याख्यान तेच होते.

दहाव्या लेण्यातील तो लेख क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, याच्या दानांचा आहे. तीन लाख गाई, सोळा गावे, आणि भडोच, दशपूर, गोवर्धन व सोपारा येथे बांधलेल्या धर्मशाळा यांची त्यात नोंद आहे. गोवर्धन म्हणजे आपल्या नाशिकचाच परिसर. याच यादीत इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर त्याने होड्यांची सोय केली, आणि प्रवाशांना पैसे न घेता पलीकडे उतरवून देण्याची व्यवस्था लावली, असे लिहिलेले आहे. लेखातला शब्द ‘नावा’ असाच आहे. आपण आजही ‘नाव’ म्हणतो, ‘नावाडी’ म्हणतो, आणि हा शब्द सुमारे १,९०० वर्षांपूर्वी आपल्या डोंगराच्या दगडात कोरला गेला आहे. भडोचहून सोपाऱ्याला किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या वाटेवर या नद्या आडव्या येतात, म्हणून व्यापाऱ्याला आणि यात्रेकरूला त्या उतराव्या लागत, हे वक्त्यांनी सांगितले तेव्हा भूगोल आणि धर्मादाय एकाच वाक्यात उभे राहिले.

त्यांनी न सांगितलेली एक गोष्ट मी इथे जोडते, कारण ती नाशिककरांनी तरी ध्यानात ठेवायला हवी. लेखातली दमण म्हणजे दमणगंगा आणि पारादा म्हणजे पार. या दोन्ही नद्या आपल्याच जिल्ह्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावतात आणि पश्चिमेकडे उतरून अरबी समुद्राला मिळतात. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर पडलेले पाणी गोदावरीतून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागरात जाते, आणि त्याच जिल्ह्यातल्या दिंडोरी-सुरगाण्याच्या डोंगरांत पडलेले पाणी दुसऱ्या समुद्रात जाते. आपल्या जिल्ह्याचा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. गौतमी बलश्रीने तिसऱ्या लेण्यात आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, वर्णन करताना त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असे कोरवून ठेवले, ते सह्याद्रीतल्या याच गावात. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांत नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवलेली नाणी मोठ्या संख्येने आहेत, आणि बंदरांच्या उत्पन्नासाठी चाललेल्या त्या झगड्याचा निकाल त्या नाण्यांवर हाताला लागतो. अशी सामग्री इथे असताना व्याख्यान मुंबईहून तयार होऊन का यावे, हा प्रश्न मी आयोजकांच्या अभिप्राय वहीत लिहून आले आहे.

शनिवारी सकाळी शिवलेल्या जहाजांची कार्यशाळा होती, आणि या तीन दिवसांतले एकच काही निवडायचे असेल, तर मी हेच निवडेन. लोखंडी खिळा न वापरता फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवून जहाज बांधण्याची पद्धत हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर फार जुनी आहे. केरळहून आलेले एक वयस्क कारागीर आणि संग्रहालयातील एक तरुण साहाय्यिका असे दोघे शिकवत होते. कारागीर मोजके हिंदी बोलत, आणि साहाय्यिका ते सुरेख मराठीत समजावून सांगत असे. चौघांच्या एका गटाला हातभर लांबीच्या दोन फळ्या मिळाल्या. त्यांच्या कडांना भोके आधीच पाडलेली होती. दोन फळ्या कडेला कड लावून उभ्या करायच्या, सांध्यावर नारळाच्या किशीची, म्हणजे तंतूंची, जाड वात ठेवायची, आणि मग एकाने आतून व दुसऱ्याने बाहेरून दोरी ओवत त्या वातीसकट सांधा आवळत न्यायचा, असे ते काम होते.

हे वाचताना सोपे वाटते, प्रत्यक्षात ते सोपे नाही. सुंभ, म्हणजे काथ्याची दोरी, हाताला खरखरीत लागते, पहिल्या चार टाक्यांतच बोटांची पेरे लाल होतात, आणि नुसत्या हाताने ओढून सांधा कधीच पुरेसा आवळला जात नाही. कारागिरांनी एक जाडसर दांडकी दोरीच्या पिळ्यात अडकवून दिली आणि ती फिरवायला सांगितले. दांडकी फिरली तशी दोरी करकरली, किशीची वात चपटी होत फळीत रुतली, आणि सांध्यातून दिसणारी उजेडाची रेघ नाहीशी झाली. माझ्या भाचीने ती रेघ जाताना पाहिली आणि ती दुसऱ्या गटातल्या मुलांना बोलावून आणून दाखवू लागली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण मी आयुष्यभर हेकट माणसांविषयी ऐकत आले आहे; त्या पिळाचा उपयोग काय असतो, हे त्या दिवशी बोटांना समजले. मग भोके किशीने बुजवली, वरून राळ आणि माशाच्या तेलाचा लेप दिला, आणि तो उग्र वास दुपारी घरी जाऊन दोनदा हात धुतल्यावरही गेला नाही.

शेवटी प्रत्येक गटाच्या सांध्यावर पाणी ओतून पाहिले. आमच्या तिसऱ्या टाक्याशी पाणी झिरपले. भाची हिरमुसली, तेव्हा कारागीर तिच्याजवळ उकिडवे बसले आणि त्यांनी तिला समजावले, की लाकडी होडीत थोडे पाणी येतच असते, लाकूड आणि काथ्या भिजून फुगले की ते कमी होते, आणि उरलेले उपसायला खलाशी असतातच. होडी बांधणाऱ्याने टाका कुठे सैल राहिला हे लपवायचे नसते, उपसणाऱ्याला सांगायचे असते. हे ऐकताना भाचीच्या चेहऱ्यावरचा हिरमोड गेला आणि तिने खडूने त्या टाक्यावर खूण केली.

खिळे असताना शिवायचे कशाला, हा प्रश्न अर्थातच आला. शिवलेला सांधा किंचित लवतो, त्यामुळे लाटांच्या माऱ्यात किंवा वाळूवर आपटताना होडी हादरा सोसते, आणि दोरी झिजली तर किनाऱ्यावरच बदलता येते, असे उत्तर मिळाले. भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ या ग्रंथात समुद्रातले लोहचुंबक खडक लोखंड ओढून घेतील, म्हणून जहाजात लोखंड वापरू नये असे सांगितले आहे, हेही साहाय्यिकेने आवर्जून सांगितले आणि ही समजूत व कारागिराचा अनुभव यांतला फरक मुलांना नीट कळेल अशा शब्दांत स्पष्ट केला. त्यानंतर तिने भारतीय नौदलाच्या ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ या शिवलेल्या शिडाच्या जहाजाची छायाचित्रे दाखवली. कारवार येथे २१ मे २०२५ रोजी ते नौदलात दाखल झाले, आणि पुढे त्याने पोरबंदरहून मस्कतपर्यंत प्रवासही केला. त्या जहाजाचा मूळ आराखडा अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातल्या एका चित्रावरून घेतलेला आहे. अजिंठ्याहून समुद्र किती लांब आहे, हे आपल्याला माहीत आहे. तरीही तिथल्या चित्रकाराने डोलकाठ्या, शिडे आणि सुकाणू इतके नीट रंगवले, की पंधराशे वर्षांनी त्यावरून खरे जहाज बांधता आले. घाटावरच्या माणसाला समुद्र परका होता, या समजाला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.

आदल्या दिवशीचे ते शिक्षक योगायोगाने आमच्याच गटात होते. दोरी ओवता ओवता त्यांनी सांगितले, की उषवदाताच्या लेखात बत्तीस हजार नारळाच्या झाडांचे दानही आहे. मी हातातल्या काथ्याकडे पाहिले. ती झाडे दान देणाऱ्याच्या मनात फळ होते की दोर, हे लेख सांगत नाही, पण ज्या किनाऱ्यावर होड्या चालत होत्या त्या किनाऱ्यावर नारळाचा दोर कोणी वाया घालवला असेल, असे मला वाटत नाही.

दुपारी दोरीच्या गाठींचे एक छोटे सत्र होते. ते ठीक होते. शिकवणाऱ्या तरुणाचा हात फार सफाईदार होता, परंतु प्रत्येक गाठीचे नाव तो इंग्रजीतच सांगत होता. निरगाठ आणि सुरगाठ हे शब्द प्रत्येक मराठी घरात आहेत, एक ओढली तर घट्ट होते आणि दुसरी ओढली तर सुटते, एवढ्यावरून त्याने सुरुवात केली असती, तर समोरच्या गृहिणी, शेतकरी आणि शाळकरी मुले यांना आपण काही परके शिकत आहोत असे वाटले नसते.

शनिवारी संध्याकाळी साडेसातला गच्चीवर तारे पाहून वाट काढण्याची कार्यशाळा झाली. अरब आणि भारतीय खलाशी वापरत असलेल्या ‘कमाल’ नावाच्या साधनाची प्रतिकृती प्रत्येकाने स्वतः बनवायची होती. साधन अगदी साधे आहे. पुठ्ठ्याचा एक चौकोनी तुकडा, त्याच्या मध्यातून ओवलेली दोरी, आणि दोरीवर ठरावीक अंतरांवर गाठी. गाठ दातांत धरायची, दोरी ताणून पुठ्ठा डोळ्यांसमोर धरायचा, खालची कड क्षितिजाला आणि वरची कड ध्रुवताऱ्याला टेकवायची. पुठ्ठा जवळ आणला की तो मोठा कोन झाकतो, लांब नेला की लहान. ज्या गाठीवर तारा आणि क्षितिज दोन्ही बरोबर जुळतात, ती गाठ ध्रुवाची उंची सांगते, आणि ध्रुवाची उंची म्हणजे जवळजवळ त्या जागेचा अक्षांश. खलाशी आपल्या बंदरासाठी दोरीवर एक गाठ राखून ठेवत, समुद्रात उत्तर-दक्षिण जात तारा त्या गाठीवर आणत, आणि मग त्याच अक्षांशावरून किनाऱ्याकडे वळत.

अडचण एकच होती. नाशिकच्या गच्चीवर क्षितिज नाही. उत्तरेकडे इमारती, पाण्याच्या टाक्या आणि त्यांच्यामागे डोंगर. इथे मार्गदर्शक बाईंनी जे केले त्याला मी मनापासून दाद देते. त्यांनी गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक लेव्हलची नळी आणवली, तिचे एक तोंड आमच्या डोळ्यांच्या उंचीला धरले, दुसरे तोंड गच्चीच्या उत्तर टोकाच्या भिंतीशी नेले, पाणी दोन्हीकडे स्थिरावल्यावर तिथे खडूची रेघ ओढली आणि त्या रेघेवर एक लहान दिवा ठेवला. तो दिवा आमचे क्षितिज झाला. उंच माणसांसाठी एक आणि मुलांसाठी एक, असे दोन दिवे होते. शर्मिष्ठेच्या आकृतीवरून ध्रुव शोधून दाखवला गेला. शहराच्या उजेडातही तो स्पष्ट दिसत होता. आधी त्यांनी हात सरळ लांब करून एकावर एक दोन मुठी ठेवायला सांगितल्या, कारण एक मूठ साधारण १० अंशांची होते. दिव्यापासून दोन मुठी वर ध्रुव होता. नाशिकचा अक्षांश २० अंशांच्या अगदी जवळ आहे. शाळेत नकाशावर वाचलेला आकडा आपल्या मुठींनी मोजता येतो, हे कळल्यावर गच्चीवर जी कुजबुज उठली, ती मला अजून ऐकू येते.

भाचीचा पुठ्ठा सुमारे ११ सेंटीमीटर उंचीचा होता. तीस सेंटीमीटरच्या आसपास तिची वरची कड ध्रुवाला टेकली. तिने दातांतून दोरी न सोडताच हाताने खूण केली, आणि मी तिथे गाठ मारली. तिने त्या गाठीला ‘नाशिक’ असे नाव दिले. तेव्हा मार्गदर्शक बाईंनी विचारले, की याच गाठीवर समुद्रातून आलेला माणूस कोणत्या बंदराला लागेल? कोणी मुंबई म्हणाले, पण मुंबई १९ अंशांवर आहे. बाईंनी नकाशा उलगडला आणि नाशिकवरून सरळ पश्चिमेला बोट नेले. सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटरवर, त्याच अक्षांशावर, डहाणू होते. लेखातली दाहनुका नदी याच डहाणूकडची. आदल्या संध्याकाळी ऐकलेले नाव भाचीच्या दोरीवरच्या गाठीत येऊन बसले होते. व्याख्यान करणाऱ्याला आणि कार्यशाळा घेणाऱ्या बाईंना एकमेकांच्या सत्रांची कल्पना नव्हती, हे मी नंतर विचारून घेतले. ती असती आणि हा धागा मुद्दाम ओवला असता, तर या तीन दिवसांचे रूपच बदलले असते.

रविवारी सकाळी मराठ्यांच्या आरमारावर एका निवृत्त नौदल अधिकाऱ्यांचे व्याख्यान झाले. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाची पायाभरणी, गुराब आणि गलबत या जहाजांतील फरक, उथळ पाण्यात शिरू शकणाऱ्या जहाजांचा डावपेच, सरखेल कान्होजी आंग्रे यांची १७२९ पर्यंतची कारकीर्द आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी शिवमुद्रेवरून प्रेरणा घेऊन बदललेला नौदलाचा ध्वज, असा प्रवास त्यांनी शिस्तीने घडवला. यातले पुष्कळ आपल्या वाचनात असते. पण शेवटी त्यांनी ‘रामदास’ बोटीची हकीकत सांगितली. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ही प्रवासी बोट बंदरापासून थोड्याच अंतरावर उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, त्यामुळे लाटांतून वाचून आलेली माणसे किनाऱ्याला लागेपर्यंत मुंबईला ही वार्ता कळलीही नाही. अधिकारी हे सांगताना आवाज चढवत नव्हते. आपण प्रवासी म्हणून होडीत बसताना जीवनरक्षक जाकिटे मागितली पाहिजेत, गंगापूर धरणाच्या पाण्यातही मागितली पाहिजेत, आणि मागायला लाजू नये, एवढेच त्यांनी शेवटी सांगितले.

संध्याकाळच्या रंगमंचीय कार्यक्रमाचा पहिला अर्धा भाग मला मुळीच आवडला नाही. ध्वनिमुद्रित कोळीगीते, चकचकीत लुगडी, धुराचे लोट आणि कार्डबोर्डची होडी, असा हा भाग कोणत्याही स्नेहसंमेलनात शोभला असता. संग्रहालयाने तो करण्याचे कारण नव्हते. ज्यांचे जगणे समुद्रावर आहे, त्यांच्या जगण्याची नक्कल त्यांच्या अनुपस्थितीत रंगवण्यापेक्षा त्यांना बोलवावे, असे मी मनाशी म्हणत होते, आणि मध्यंतरानंतर नेमके तेच घडले. रायगडच्या किनाऱ्यावरील तीन ज्येष्ठ स्त्रिया रंगमंचावर येऊन खाली बसल्या. त्यांतल्या दोघी मासळी विकतात आणि तिसऱ्या लग्नात धवले गाणाऱ्या धवलारीण आहेत. ध्वनिक्षेपक जवळ असूनही त्यांनी तो बाजूला सारला. धवलारीण आजींनी सूर लावला आणि बाकीच्या दोघींनी ओळीचे शेवटचे शब्द उचलून धरले. सभागृह मोठे होते, आवाज थकलेला होता, तरी शेवटच्या रांगेत एकेक शब्द पोहोचत होता, कारण कोणी हलतही नव्हते. गाणे झाल्यावर सूत्रसंचालकाने त्यांना समुद्राविषयी काही सांगायला सांगितले. आजी म्हणाल्या, ‘‘दर्या आमचा बाप हाय. बापाबद्दल काय सांगायचं?’’ आणि त्यांनी दुसरा धवला सुरू केला.

शेवटी एका शाहिरांनी डफ, तुणतुणे आणि झांजेच्या साथीने आंग्र्यांच्या आरमाराचा नवा पोवाडा सादर केला. रचना दमदार होती, गुराबीच्या तोफांचे वर्णन करताना डफावरची थाप अशी बदलत गेली की अंगावर काटा आला. एक सूचना मात्र करावीशी वाटते. सकाळच्या व्याख्यानात आणि या पोवाड्यात काही वर्षांचे तपशील जुळत नव्हते. पोवाड्याला इतिहासाच्या पुस्तकाची मोजपट्टी लावू नये हे मला मान्य आहे, परंतु संग्रहालयाच्या छत्राखाली सादर होणारी गोष्ट मुले खरी म्हणूनच घरी नेतात, तेव्हा एखाद्या अभ्यासकाने संहिता आधी वाचायला हवी होती.

व्यवस्थेविषयी थोडक्यात लिहिते. नोंदणी सुटसुटीत होती आणि कार्यक्रम वेळेवर सुरू झाले. गच्चीवर जायला उद्वाहक नव्हता, त्यामुळे गुडघेदुखीच्या दोन आजी ध्रुव न पाहताच परत गेल्या. हीच कार्यशाळा मैदानावर घेता आली असती. कार्यशाळांसाठी प्रत्येकी चाळीसच जागा होत्या आणि व्याख्यानाला दोनशे खुर्च्यांपैकी निम्म्या रिकाम्या होत्या. हे प्रमाण उलटे हवे. पुस्तकांच्या टेबलावर मराठी पुस्तके तीनच होती. शाळांसाठी शुक्रवारची सकाळ मोफत ठेवली होती, ही अतिशय चांगली गोष्ट, पण तिची वार्ता जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत पोहोचलेली दिसली नाही. सुरगाण्याच्या मुलांना त्यांच्याच गावची नदी लेण्यातल्या लेखात आहे हे कळायला हवे होते.

पैशांचा विचार करता ५०० रुपये मला जास्त वाटले नाहीत. शिवलेला फळीचा तुकडा आणि कमाल घरी नेता येतात, आणि त्या दोन वस्तूंचीच किंमत तेवढी धरायला हरकत नाही. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी दोन्ही कार्यशाळा चुकवू नयेत. इतिहासाची गोडी असणाऱ्यांनी व्याख्यानाला जावे आणि प्रश्न विचारायला लाजू नये, कारण प्रश्नांनंतरचाच भाग अधिक मोलाचा ठरला. केवळ करमणुकीसाठी जाणाऱ्यांनी रविवारी मध्यंतरानंतर पोहोचले तरी चालेल.

पुढच्या रविवारी भाची, मी आणि ते शिक्षक, असे तिघे पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढलो. दहाव्या लेण्याच्या ओसरीत लेख वर, छताखाली कोरलेला आहे, त्यामुळे मान दुखेपर्यंत वर पाहावे लागते. शिक्षकांनी काठीने हवेत अक्षरे काढून दाखवली. आडव्या रेषेवर उभी काठी म्हणजे ‘न’, खाली गोल आणि वर देठ म्हणजे ‘व’. भाची बराच वेळ ओळीवरून ओळीवर डोळे फिरवत राहिली, आणि मग तिने खिशातून पुठ्ठा काढला, ‘नाशिक’ची गाठ दातांत धरली आणि भर दुपारी उत्तरेकडे तोंड करून उभी राहिली. सरांनी तिला हळूच सांगितले, की तारा आत्ता दिसणार नाही, पण तो तिथेच आहे. तिने दोरी दातांतून सोडली नाही, फक्त मान हलवली.